सालदारांची सोयरीक

रिठद,
९ एप्रिल १९४६

प्रिय शालिग्रामदादा,

तुझं टपाल परवा पोचलं. इकडे सगळे हिंडतेफिरते आहेत, हरभरा घरात आला आहे, उन्हाने विहिरी खाली गेल्या आहेत. तू विचारलं नव्हतंस, तरी लिहिते. तू जे विचारलं आहेस त्याकडे आता वळते. पाकिटात तुझं पत्र होतं आणि तुमच्या पेढीच्या पंचवीस वर्षांच्या इतिहासाची, अजून छापायची असलेली पानं होती. त्यातल्या एका वाक्याखाली तू लाल शाईची रेघ ओढली आहेस. ‘वऱ्हाडातील शेतकरी भागधारकांनी विलीनीकरणास एकमुखाने संमती दिली.’ या वाक्याला आधार म्हणून रिठदच्या पुंजाजी पाटलांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, सही तुला हवी आहे; आणि बोटीवर काढलेला आपल्या लोकांचा तो जुना फोटो हवा आहे. गोरे आज ना उद्या जाणार असं मुंबईत सगळे धरून चालले आहेत, तेव्हा पेढी मुळात शेतकऱ्यांच्या भागांवर उभी राहिली हे लोकांना दिसलं पाहिजे, असं तुझे शेठ म्हणतात. तू सगळं समजावून लिहिलं आहेस. तुझं अक्षर अजूनही गोल आणि सुबक आहे.

मी पानं मामाजींना वाचून दाखवली. ते आता ऐंशीच्या घरात आहेत, डोळे गेले आहेत, कान शाबूत आहेत. मी वाचत असताना ते सुतळी वळत बसले होते. वाचून झाल्यावर मला म्हणाले की उत्तर तूच लिही, आणि एक वाक्य लिहू नको, सगळं लिही. म्हणून लिहायला बसले आहे. कार्डावर मावणार नाही.

तुमच्या इतिहासाची सुरुवात मुंबईच्या एका दिवाणखान्यात होते. समया, गालिचा, दूरदृष्टीचे शेठ. आमच्याकडे ती सुरुवात पारावर झाली. मला ते वर्ष आठवतं, कारण माझं लग्न होऊन पहिलाच पोळा झाला होता. तू बाबांना भेटायला किन्हीराजाला आला होतास आणि तिथून मला भेटायला म्हणून रिठदला आलास. पायात बूट, डोक्यावर काळी टोपी, हातात कातडी पेटी. ‘हिरजी लालदास आणि मंडळी’ या पेढीत तुला कारकुनी लागून थोडेच महिने झाले होते. तू पारावर बसून सांगितलंस की कापूस आपला, पण मुंबईच्या पुढे तो ज्या बोटीने जातो ती गोऱ्याची, म्हणून भाडंही तोच ठरवतो. आता आपल्या लोकांची आगबोट कंपनी निघते आहे. आज कराची, मंगळूर, कोचीन, उद्या रंगून, परवा जपान. तू खडूने पारावरच्या दगडावर हिंदुस्थानचा किनारा काढलास. त्याआधी इथल्या कोणी समुद्र पाहिला नव्हता. लहानपणी आपण जऊळक्याला नवे रूळ पाहायला गेलो होतो, तेव्हा मी तुला विचारलं होतं की समुद्र कसा असतो. तूही तो पाहिलेला नव्हता, तरी तू सांगितलंस, फुटलेल्या कापसाच्या वावरासारखा, फक्त हलता. मी ते खरं धरून चालले होते. त्या दिवशी पारावरही सगळ्यांनी खरं धरलं.

मामाजींनी तुला एकच प्रश्न विचारला होता. कंपनी एक आणि पेढी दुसरी, हे काय गौडबंगाल आहे? तू सांगितलंस की बोटी भागधारकांच्या. पेढी नुसता कारभार पाहणार, आणि त्याचा ठरलेला मोबदला घेणार. मामाजी म्हणाले, “म्हंजे वावर आपलं, अन् पेढी सालदार. मंग ठीक हाय.” वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी म्हणजे मुंबईची पेढी, यावर पार हसला. तूही हसलास, आणि म्हणालास की अगदी तसंच. दादा, तुमच्या जाड पुस्तकात पेढीच्या कारभाराचं एक अख्खं प्रकरण आहे, पण याहून स्वच्छ मला त्यात काही सापडलं नाही.

तांड्यावरून सोमला नाईक आले होते. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घेऊन देशभर फिरायचे. रेल्वे आली, ते बंद पडलं, आणि तांडा दुसऱ्यांच्या वावरात राबायला लागला. सोमला नाईक म्हणाले की बैल गेले, रेल आली, आता पाण्यावरचा तांडा पाहू. कंपनीचा भाग घेतला तो त्यांनी सगळ्यांच्या आधी. मग मामाजींनी, मग एकेकाने. तू सांगितलंस की वऱ्हाडच्या लोकांसाठी एका बोटीला वाशीमचं जुनं नाव ठेवायला तू शेठना भाग पाडशील. आणि खरंच, दोन वर्षांनी ‘वत्सगुल्म’ पाण्यात उतरली. एवढं तू केलंस, हे मी नाकारत नाही.

ती पाहायला इथून माणसं मुंबईला गेली, त्याच्या गोष्टी आम्ही बायका अजून सांगतो. हे, म्हणजे तुझे भाऊजी, धक्क्याला बांधलेल्या बोटीवरच ओकले. मामाजींनी बोटीच्या लोखंडावर बोटांनी टकटक करून पाहिलं, नवा बैल घेताना खांदा चाचपतात तसं, आणि तुझ्या मार्फत कप्तानाला विचारलं की पोळ्याला हिला सुट्टी असते की नाही. कप्तान काय म्हणाला ते तू सांगितलं नाहीस. नुसतं ‘असते’ म्हणालास. सोमला नाईकांनी कठड्याला कवड्यांची माळ बांधली. तांड्याच्या पुढच्या बैलाला बांधायचे तशी. फोटो तेव्हाचा. त्या वर्षीच्या पोळ्याला निम्म्या गावाच्या बैलांच्या झुलीवर चुन्याने बोट काढली होती. चित्रातल्या प्रत्येक बोटीला चाकं होती, आणि ती पुसायला कोणी तयार नव्हतं.

बारातेरा वर्षं ती बोट आमची होती. ‘आपली बोट’ हा शब्द इथे ‘आपली विहीर’सारखा बोलला जायचा. कुठे कोणी भाव पाडून मागितला की माणसं म्हणायची, आपली बोट आहे. त्याचा अर्थ काही लागत नव्हता, पण बरं वाटायचं. मग मंदी आली, आणि तुमच्या पुस्तकातल्या शब्दांत ‘स्पर्धा तीव्र झाली’. गोऱ्या कंपनीने भाडं इतकं उतरवलं की उतारूंना फुकट नेऊन वर जेवण द्यायला लागली. तू तेव्हा वर चढला होतास. शेठच्या खोलीत बसत होतास. तू रिठदला आलास ते छत्तीस साल. सांगितलंस की मुंबईत भागधारकांची सभा आहे, त्या गोऱ्या कंपनीचा कारभार पाहणाऱ्या पेढीशी एक होण्याचा प्रस्ताव येणार आहे. सगळ्यांना जाणं शक्य नाही, म्हणून सगळ्यांनी आपलं मत तुझ्या हाती द्यावं. कागद तुझ्या पेटीत तयारच होते.

इथे मला जरा मागे जाऊ दे. माझं लग्न ठरत होतं तेव्हा रिठदचं हे घर पाहायला बाबांनी तुला पाठवलं होतं. बाबांचे पाय सुजले होते, म्हणून थोरला मुलगा गेला. तू सकाळचा निघालेला, उपाशी. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी, आत्याबाईंनी, तुझ्यापुढे शिऱ्याचं ताट ठेवलं. तू हात जोडलेस आणि नुसतं पाणी प्यालास. गोड खाल्लं म्हणजे होकार झाला, आणि पाहायला गेलेल्याने होकार तिथे द्यायचा नसतो. पाहायचं, विचारायचं, त्यांच्या विहिरीचं पाणी प्यायचं, गोठ्यात डोकावायचं. आणि परत येऊन ज्यांनी पाठवलं त्यांच्यासमोर सगळं मांडायचं. हो किंवा नाही, ते घरी ठरतं. तू रात्री परत आलास आणि आईच्या चुलीपुढे बसून सांगितलंस की जमीन हलकी आहे, माणसं भारी आहेत, मुलगा कमी बोलतो. मी दाराआड होते. एक शब्द तू वाढवला नाहीस, एक लपवला नाहीस. आत्याबाई, गोजराबाई, जिवंत होत्या तोवर सुनांना सांगायच्या की विजूचा भाऊ उपाशी गेला पण शिऱ्याला शिवला नाही. म्हणून तुला रीत माहीत नव्हती असं निदान माझ्याजवळ म्हणू नकोस.

छत्तीस साली पारावर तेच घडलं असं सगळ्यांना वाटलं. दुसऱ्या घराशी सोयरीक जुळवायची बोलणी आहेत. आपला एक माणूस पाहायला चालला आहे. कागदांवर सह्या-अंगठे झाले ते त्या समजुतीने. त्याआधी मामाजींनी उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं तुला सांगितलं, “पाहून ये. हो-नाही तिथं बोलू नको. इथं येऊन सांगजो, मंग ठरवू.” तू मान हलवलीस. कागदावर इंग्रजीत काय होतं ते तुला ठाऊक होतं. त्यात परत येऊन सांगण्याची अट नव्हती. ते तू तिथल्या तिथे सांगू शकला असतास. एका वाक्याचं काम होतं. मग कदाचित कोणी सही केली नसती, किंवा सोमला नाईक तुझ्याबरोबर मुंबईला आले असते, सभेत उभे राहिले असते आणि हरले असते. बहुधा हरलेच असते. पण हरून घरी आले असते.

हे रोज बैल धुऊन, दमणी जुंपून जऊळक्याला जायचे. सभा झाली असेल, गाडीत बसला असेल, आज येईल, असं करत. अकोल्याकडची गाडी यायची, उतारू उतरायचे, गाडी हिंगोलीकडे निघून जायची. हे स्टेशनमास्तरांशी चार शब्द बोलून रिकामी दमणी घेऊन परत. गावात शिरताना पारावरून विचारायचे की आले का पाहुणे. पुढे पुढे विचारणं बंद झालं, तरी हे जात होते. मी एकदा म्हटलं की पत्र तरी येऊ द्या. तर म्हणाले की येणाऱ्याला न्यायला कोणी नसलं तर वाईट दिसतं. शेवटी वाशीमच्या बाजारात एका अडत्याने वर्तमानपत्र वाचून सांगितलं की वऱ्हाडच्या भागधारकांच्या वतीने अमुक गृहस्थांनी प्रस्तावाला अनुमोदन दिलं. अमुक गृहस्थ तू होतास. त्या दिवशी यांनी दमणी सोडली आणि जू गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवलं.

तू आता लिहितोस की सभा अचानक पुढे घेतली, शेठ मागे उभे होते, मत त्याच दुपारी द्यायचं होतं, परत यायला वेळच नव्हता. मी ते मान्य करते. त्या दुपारी वेळ नव्हता. त्यानंतर दहा वर्षं होती. आणि तू असंही लिहितोस की तोटा कोणाचा झाला? जुन्या भागांबद्दल नवे भाग मिळाले, नफा वेळेवर येतो, उलट आधीपेक्षा बरा येतो. खरं आहे, येतो. कोणी बुडालं नाही. माणसं बुडाली असती तर निदान ओरडली असती. तुमच्या पेढीतल्या लोकांना, आणि आता तुलाही, हे समजत नाही की पैसा पोचता होऊनही माणूस दुखावतो. मुलगी चांगल्या घरी पडली म्हणून बापाला न विचारता दिलेली चालते का? ती सुखात असेलही. बाप तिच्या दारी जाऊन काय म्हणेल?

मामाजींनी तेव्हा जे म्हटलं ते अजून इथे बोललं जातं. अडत्याकडची बातमी आली, ‘हिरजी लालदास’ आणि गोरी पेढी मिळून आता ‘हिरजी कार्टराइट’ असं नाव झाल्याचं कळलं, तेव्हा ते म्हणाले, “सालदारानं शेजारच्या सालदारासंगं सोयरीक केली, अन् आहेरात आपलं वावर देऊन टाकलं.” कोणी हसलं नाही. तुमच्या इतिहासात या घटनेला ‘दोन थोर परंपरांचा संगम’ म्हटलं आहे. दोन्ही वाक्यं एकाच गोष्टीबद्दल आहेत. तुला कोणतं छापायचं ते तू जाण.

यांच्याबद्दल मला लिहायचं आहे. तुला ठाऊक आहे, लग्न जुळवायला या मुलखात यांचं नाव होतं. रिठदचंच नव्हे, पार मालेगावपर्यंतचं कोणी स्थळ पाहायचं म्हटलं की आधी आमच्या दारी यायचं. जगदेव पाटलांना पाठवा. कमी बोलणारा माणूस, त्यामुळे जे बोलेल ते मोजून. नवऱ्या मुलाच्या गोठ्यातल्या बैलांची पाठ पाहून हे सांगायचे की या घरात सुनेला मारतील की नाही. किती घरं यांनी उभी केली, आणि किती मोडणारी वेळीच अडवली, ते मोजलेलं नाही. छत्तीस सालानंतर यांना कोणी पाठवलं नाही. कोणी वाईट बोललं नाही, दादा. शिवी दिली नाही, बहिष्कार घातला नाही, हळदीकुंकवाला मला वगळलं नाही. नुसतं बोलावलं नाही. एक घर तर असं होतं की बाप आमच्या ओसरीवर येऊन बसला, पाऊस-पेरण्यांचं बोलला, तंबाखू मळली, खाल्ली, आणि उठून गेला. दुसऱ्या दिवशी कळलं की त्याच्या थोरलीसाठी स्थळ पाहायला दुसरा माणूस गेला. ज्याच्या मेहुण्याने गावाच्या वतीने बाहेर होकार दिला, त्याला आता कुठे पाठवायचं, असा काहीतरी हिशेब असेल. किंवा हिशेबही नसेल, नुसता संकोच असेल. यांनी काय केलं होतं? यांनी रोज स्टेशनावर जाऊन वाट पाहिली होती. गावात सगळ्यांच्या नंतर यांनी तुझी आशा सोडली, आणि शिक्षा झाली ती यांना. हे एका शब्दाने कोणाला बोलले नाहीत, मलाही नाही. लग्नसराईत धुतलेलं धोतर नेसून सकाळी ओसरीवर बसत. पाचसहा वर्षं बसले. मग लग्नसराईतही मळकं धोतर नेसायला लागले. तेव्हा मला कळलं.

तुझ्या पानांत ‘वत्सगुल्म’बद्दल तळटीप आहे. विलीनीकरणानंतर तिचं नाव बदललं, एका मडमेचं ठेवलं. आणि युद्धात सरकारने घेतली असता बेचाळीस साली बंगालच्या उपसागरात बुडाली. दोन ओळी. दादा, आम्हाला हे माहीत नव्हतं. चार वर्षं इथली माणसं ‘आपली बोट होती’ म्हणत होती, ती कुठेतरी चालते आहे असं समजून. मी तळटीप वाचली तेव्हा मामाजींनी सुतळी बाजूला ठेवली, मला हाताला धरून विहिरीवर न्यायला सांगितलं, आणि डोक्यावरून पाणी घेतलं. चार वर्षं उशिरा का होईना. सोमला नाईक आता काठी टेकत येतात. त्यांना निरोप गेला तसे ते आले. त्यांनी एवढंच विचारलं, “अन् मानसं?” मी पानं पुढेमागे उलटून पाहिली. बोटीचं वजन दिलं आहे, तिचा विमा पोचल्याचं दिलं आहे. माणसांचं काही नाही. तुला माहीत असेल तर सोमला नाईकांना कळव. ते वाट पाहतात.

आता तुझ्या वाक्याचं. मामाजी सही करणार नाहीत. एकमुखाने संमती दिली असं लिहायला आधी कोणीतरी विचारावं लागतं. हवं तर असं छाप, की वऱ्हाडच्या शेतकऱ्यांनी एका माणसाला पाहायला पाठवलं आणि ते अजून त्याची वाट पाहत आहेत. त्याखाली सही द्यायला मामाजी तयार आहेत, आणि त्यांच्यामागे बाकी सगळे. फोटो मिळणार नाही.

एवढं लिहिलं ते काल संध्याकाळी पारावर वाचलं गेलं. मामाजींचीच तशी आज्ञा होती, की गावाच्या वतीने जायचा शब्द गावाने ऐकून मगच जाईल. हेमसिंग मास्तरांनी वाचलं; मी समोरच्या ओसरीत बायकांमध्ये बसून ऐकलं. इथून पुढचं कोणी ऐकलेलं नाही, हे तुझं एकट्याचं. दादा, तुला ‘नाही’ कळवायला एक कार्ड पुरलं असतं. इतकं लांब मी तुझ्यासाठी लिहिलंच नव्हतं. घरची सून पारावर उभी राहून बोलू शकत नाही, पण सासऱ्याने लिहायला सांगितलेलं पत्र वाचलं जात असताना मास्तरांना कोण थांबवणार? दहा वर्षं मला गावाला जे ऐकवायचं होतं ते मी तुझ्या नावाने लिहून त्यांना ऐकवलं. मास्तर यांच्याबद्दलच्या मजकुराशी आले तेव्हा त्यांचा आवाज हलका झाला. हे बसल्या जागी बसून होते, खाली पाहत. मामाजी शेवटी एवढंच म्हणाले की पाठवा. आज सकाळी रामधनभाऊ आले. तंबाखू मळून उठून गेले होते ते हेच. धाकटीसाठी जऊळक्याला स्थळ आहे, तुम्ही पाहून या, म्हणाले, आणि म्हणताना यांच्याकडे न पाहता दाराकडे पाहत होते. मी आत चुलीपाशी हातातलं काम थांबवून ऐकत होते. यांनी त्यांना चहा दिला, त्यांच्या बैलाच्या खुराची चौकशी केली आणि म्हणाले, “आता मले नाही जमत, रामधनभाऊ. दुसऱ्या कोनाले पाहा.” रागाने नाही, रुसून नाही. खरंच जमत नसल्यासारखं. रामधनभाऊ थोडा वेळ बसून गेले, आणि हे गोठ्यात निघून गेले. मला वाटलं होतं की गावाने हे एकदा ऐकलं की माझा तुझ्यावरचा राग उतरेल, मग हे पत्र मी फाडून टाकीन आणि तुला साधं कार्ड धाडीन. दुपारभर वाट पाहिली. तो उतरला नाही, म्हणून हे पाठवते आहे.

तुझीच,
विजयमाला